बंदीतला पक्ष: ग्रीसच्या ‘४ ऑगस्ट’ पक्षाबद्दल कुणाचं किती खरं धरायचं?

एक साधं गणित करूया. निकोस मिखालोलियाकोस, म्हणजे ग्रीसमधल्या गोल्डन डॉन या नवनाझी पक्षाचा म्होरक्या, जन्म डिसेंबर १९५७ चा. त्याच्याबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास सापडतं, की हा सोळाव्या वर्षीच ‘४ ऑगस्ट’ नावाच्या पक्षात गेला. आता सोळाव्या वर्षी म्हणजे सोळावं लागलं तेव्हा की सरलं तेव्हा, हा आपला नेहमीचा घोळ आहेच, पण कसंही मोजा, उत्तर १९७३ किंवा १९७४ येतं. आणि तिथेच गाडी अडते. कारण जुलै १९७४ पर्यंत ग्रीसमध्ये लष्कराची राजवट होती आणि लष्कराने राजकीय पक्षांचं काम बंद पाडलं होतं. मग हा पोरगा नेमका सामील कशात झाला?

गोल्डन डॉन हे नाव आपल्याकडेही मधून मधून बातम्यांत येऊन गेलंय. २०१२ च्या मे महिन्यात जवळपास ७ टक्के मतं आणि २१ खासदार, २०१३ मध्ये पाव्लोस फिसास या रॅपरचा खून, आणि ७ ऑक्टोबर २०२० ला अथेन्सच्या कोर्टाने हा पक्ष म्हणजे गुन्हेगारी टोळी आहे असं ठरवलं, मिखालोलियाकोसला १३ वर्षांहून जास्त शिक्षा. एवढा मोठा निकाल लागला की लोक मुळं शोधायला लागतात, कुठून आली ही माणसं, कुणी तयार केली. शोधत शोधत सगळे येऊन पोचतात ते या छोट्याशा ४ ऑगस्ट पक्षाजवळ. आणि इथे आल्यावर कळतं की पक्षाबद्दल सगळेच ठामपणे बोलतायत पण कशाच्या आधारावर ते कुणी सांगत नाही.

हा लेख त्या पक्षाचा इतिहास सांगणारा नाही. हुकूमशाहीतल्या अशा पक्षाबद्दलची माहिती खरी की सांगोवांगीची हे ओळखायचं कसं, एवढंच बघायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल

पक्षाचं नाव एका तारखेवरून आहे. ४ ऑगस्ट १९३६ ला योआनिस मेटाक्सास या पंतप्रधानाने राजाच्या संमतीने संसद गुंडाळली आणि हुकूमशाही सुरू केली. तो १९४१ च्या जानेवारीत वारला. पुढे १९६५ मध्ये कॉन्स्टँटिनोस प्लेव्रिस या माणसाने त्या तारखेच्या नावाने पक्ष काढला, वर्तमानपत्रही त्याच नावाचं. आपण ज्याला अतिउजवं म्हणतो तसा, म्हणजे वंशाचा अभिमान, ज्यूद्वेष, कम्युनिस्टांचा तिटकारा आणि लोकशाही म्हणजे कमजोर लोकांचा खेळ अशी समजूत. लहानसाच पक्ष. १९७७ मध्ये तो संपला.

मधे काय झालं, तर २१ एप्रिल १९६७ ला पहाटे अथेन्सच्या रस्त्यावर रणगाडे उतरले. निवडणूक जेमतेम महिन्यावर आली होती. पापाडोपुलोस आणि मकारेझोस हे दोन कर्नल आणि पट्टाकोस हा ब्रिगेडियर, हे तिघं पुढे होते. अशा लष्करी अधिकाऱ्यांच्या सत्ताधारी टोळक्याला जुंटा म्हणतात, पुढेही तोच शब्द वापरतो. जुंटाने राज्यघटनेतली हक्कांची कलमं स्थगित केली, पेपरांवर सेन्सॉर बसवला, डाव्यांचा ईडीए हा पक्ष बेकायदा ठरवला, उघड्यावर पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायला बंदी. हे सगळं २४ जुलै १९७४ पर्यंत, सायप्रसमध्ये तोंडघशी पडेपर्यंत चाललं.

म्हणजे आपल्या पक्षाचं आयुष्य १२ वर्षांचं आणि त्यातली सात वर्षं जुंटाची. मधली सात वर्षंच धुक्यात.

पक्षाचंच पत्र होतं ना, मग तेच वाचा की

हा पहिला आक्षेप, आणि चांगला आहे. पक्षाला काय वाटत होतं हे पक्षाच्या पत्रापेक्षा चांगलं कोण सांगणार? एखादा म्हणतो हे लोक मेटाक्सासचे भक्त होते, दुसरा म्हणतो नाही हो सरळ हिटलरचे, तर पत्र उघडा आणि बघा, वाद तिथेच मिटतो.

पण तेच पत्र ‘आमच्या पाठीशी हजारो तरुण आहेत’ म्हणालं तर? आपल्याकडच्या गणपती मंडळाचा वार्षिक अहवाल आठवा. शहरातील अग्रगण्य मंडळ, लाखो भाविकांची उपस्थिती, आरोग्य शिबिराचा असंख्य गरजूंनी लाभ घेतला. मंडळाला स्वतःबद्दल काय वाटतं हे त्यातून शंभर टक्के कळतं. भाविक खरंच किती आले हे मात्र त्यातून कळत नाही, ते चपलांच्या स्टँडवाल्याला विचारावं लागतं.

यातली गोम नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ‘हा सोर्स विश्वासार्ह आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी विश्वासार्ह, हे विचारायचं. एकच कागद एका प्रश्नाला सोनं असतो आणि दुसऱ्या प्रश्नाला रद्दी.

छोट्या अतिरेकी पक्षांना तर आपण होतो त्यापेक्षा मोठे दिसण्यात फार रस असतो, सत्तेच्या आतल्या गोटात आपली ऊठबस होती असं नंतर सांगण्यातही असतो. गंमत म्हणजे त्यांच्या विरोधकांनाही त्यांना मोठं दाखवण्यात रस असतो, बघा केवढं कारस्थान होतं म्हणून. दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतायत म्हणजे ती खरी असणार, असा आपला ठोकताळा असतो, तो इथे साफ फसतो. दोघांची कारणं वेगळी पण फुगवायचं दोघांनाही आहे.

सरकारी कागद म्हणजे तर पुरावाच

मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले तेच मुळी बखरीतल्या गोष्टीपेक्षा अस्सल कागद बरा म्हणून. अस्सल म्हणजे त्या वेळचा, त्या माणसाने कामासाठी लिहिलेला, पुढे कुणी इतिहास वाचेल म्हणून लिहिलेला नाही.

जुंटाचे असे कागद भरपूर आहेत. १ जून १९६७ चा लष्करी आदेश क्रमांक १३ घ्या, संगीतकार मिकिस थिओडोराकिसची गाणी वाजवायला आणि ऐकायला बंदी. बंदी होती का? होती, आदेशच आहे. त्यासाठी साक्षीदार शोधायची गरज नाही. पण लोकांनी गाणी ऐकणं बंद केलं का, हे आदेश सांगत नाही. ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी आहे म्हणजे भिंत स्वच्छ आहे असं नाही, उलट पाटी लावावी लागली यावरून काय ते ओळखा.

आपल्या पक्षालाही तेच लागू. कागदावर पक्षांचं काम बंद होतं. पण जुंटाला जवळची वाटणारी माणसं कागदाच्या बाहेर काय काय करत होती हे बंदीच्या हुकुमात कशाला असेल? प्लेव्रिस योआनिस लादासच्या जवळचा होता असं अभ्यासक लिहितात. लादास हा उठावाच्या रात्री लष्करी पोलिसांचा प्रमुख, जुंटातला वजनदार माणूस. पण ‘जवळचा’ म्हणजे काय? घरी चहाला जाणारा, की पगारावर असलेला सल्लागार? पगारावर असेल तर नेमणुकीचा कागद हवा, आणि नुसती ओळख असेल तर त्यावरून ‘पक्ष सरकार चालवत होता’ इथपर्यंत उडी मारता येत नाही. नेटवरच्या लेखांत ही उडी सर्रास मारलेली दिसते आणि ती इतक्या सफाईने मारतात की वाचताना आपल्यालाही ढांग जाणवत नाही.

आणि पोलिसांच्या फायली?

हा भाग मला सगळ्यात जिव्हारी लागणारा वाटतो.

ग्रीसमध्ये जुंटाच्या बऱ्याच आधीपासून, विशेषतः सरकार विरुद्ध कम्युनिस्ट अशा यादवी युद्धाच्या काळापासून, पोलीस लोकांच्या फायली ठेवत. तुमचे सामाजिक विचार ठीक आहेत असं एक सर्टिफिकेट लागायचं. चारित्र्याचा दाखला म्हणा, फक्त त्यात चारित्र्य म्हणजे तुम्ही डावे नाही एवढंच. सरकारी नोकरीला ते, पासपोर्टला ते. कोण कुणाकडे जेवायला गेला, कोणता पेपर घेतो, काका कोणत्या बाजूने लढला, सगळं फायलीत.

१९८९ मध्ये उजवे आणि डावे मिळून थोड्या दिवसांचं सरकार आलं, आणि यादवी संपल्याला ४० वर्षं झाली म्हणून २९ ऑगस्ट १९८९ ला त्या फायली एलेफ्सिनाच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीत टाकल्या. थोड्या नाही, दीड कोटीहून जास्त. हेतू वाईट नव्हता, ज्यांचं आयुष्य त्या फायलींनी नासवलं त्यांना ती जळताना बघून बरंच वाटलं असणार. इतिहासकारांनी मात्र डोक्याला हात लावला, अगदी थोड्या फायली सोडल्या तर बाकी सगळ्याची राख.

त्यामुळे आज कुणी ‘पोलिसांच्या फायलींनुसार या पक्षाचे इतके सभासद होते’ असं लिहिलं तर पहिला प्रश्न हा, की कुठली फाइल, कुठे ठेवलीय, कुणी पाहिली. आणि आणखी एक, या फायली मुळात डाव्यांवर नजर ठेवायला होत्या. शिकाऱ्याच्या वहीत हरणांची नोंद असते, शेजारच्या शिकाऱ्याची नसते. म्हणजे भट्टी पेटली नसती तरी अतिउजव्यांबद्दल तिथे फार काही मिळालं असतंच असं नाही. ‘फायलीत नाव नाही’ याचा अर्थ ‘काही केलं नाही’ असा घेता येत नाही, आणि ‘फायली जाळल्या म्हणजे लपवायचंच होतं’ असाही घेता येत नाही.

पेपरात आलेलं तरी?

कुठल्या पेपरात आणि कधी, हे आधी. सेन्सॉर बसल्यावर एलेनी व्लाखू या मालकीणबाईंनी आपली वर्तमानपत्रं बंदच केली, असलं काही छापणार नाही म्हणाल्या. त्यांना नजरकैदेत ठेवलं आणि १९६७ च्या डिसेंबरात त्या निसटून लंडनला गेल्या. जे पेपर चालू राहिले त्यांच्यात काही जुंटाचे उघड भाट होते आणि काही मुकाट्याने दिलेलं छापणारे. आपल्याकडे आणीबाणीतले अंक ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पटकन कळेल, त्या काळातल्या पेपरात काय छापलंय यापेक्षा काय छापलेलं नाही हे जास्त बोलतं. पण ‘नाही छापलं’ हे फुटनोटेत कसं दाखवणार? म्हणून लोक परदेशी पेपरांकडे वळतात, आणि इथे एक जबरदस्त प्रकरण आहे.

एक कागद, दोन बॉम्ब आणि कुणीतरी ‘पी’

७ डिसेंबर १९६९, रविवार. लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये लेस्ली फायनर या पत्रकाराने बातमी दिली, अथेन्समध्ये राहिलेला आणि जुंटाने बाहेर काढलेला माणूस. ग्रीक परराष्ट्र खात्याने रोममधल्या आपल्या राजदूताला पाठवलेले गुप्त कागद मिळालेत, त्यात इटलीतल्या अतिउजव्यांशी संधान आहे, बॉम्बचा उल्लेख आहे, आणि एका माणसाला नुसतं ‘मिस्टर पी’ म्हटलंय. पाच दिवसांनी, १२ डिसेंबरला, मिलानमध्ये पियात्सा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला आणि १७ माणसं गेली.

आता बघा आपलं डोकं कसं पळतं. हा ‘पी’ कोण? इटलीतला अतिउजवा नेता पिनो राउती याचं नाव बहुतेक जण घेतात. पण ग्रीसकडून वाचणाऱ्याला दुसरा ‘पी’ लगेच आठवणार, प्लेव्रिस. पापाडोपुलोस आणि पट्टाकोसही ‘पी’च आहेत म्हणा. एका अक्षरावरून माणूस ओळखायचा म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये ‘अहो पाटील’ म्हणून हाक मारण्यासारखं, वीस माना वळतात.

शिवाय तो कागद अस्सल होता का यावरच वाद झाला. ध चा मा केल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिथे निदान मूळ चिठ्ठी होती असं गोष्टीत तरी म्हणतात. इथे मूळ कागद, तो कुणी फोडला, कुणाच्या हातून आला, याची साखळी पूर्ण उघड नाही. म्हणून प्रामाणिक वाक्य असं होईल: ‘१९६९ मध्ये ऑब्झर्व्हरने असे कागद छापले, त्यांच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे.’ हे शंभर टक्के खरं वाक्य आहे. ‘ग्रीक जुंटाने मिलानचा बॉम्ब घडवला’ हे त्याच बातमीवरून बेतलेलं वाक्य आहे आणि ते तसं सिद्ध नाही. पुढे इटलीच्या कोर्टांनी त्या बॉम्बची जबाबदारी इटलीतल्याच ऑर्दिने नुओवो या अतिउजव्या गटातल्या लोकांवर ठेवली.

आणि हो, त्याच १२ डिसेंबर १९६९ ला ग्रीस कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेतून बाहेर पडला, हाकलण्याआधी स्वतःच. तारीख तीच. कुणीतरी कधीतरी या दोन गोष्टी बाणाने जोडून चित्र फिरवेल, तेव्हा आठवा की बाहेर पडण्यामागे छळाच्या तक्रारींचं प्रकरण होतं आणि ते दोन वर्षं आधीपासून चालू होतं.

दहा ठिकाणी छापलंय, मग खोटं कसं असेल

कारण दहा ठिकाणं म्हणजे दहा सोर्स नव्हे. सोसायटीत बातमी येते की पाण्याची टाकी गळतेय. जोशीकाकू सांगतात, दुसऱ्या मजल्यावरचे सांगतात, वॉचमन सांगतो. तिघांना विचारलं तर कळतं की तिघांनीही सेक्रेटरीकडून ऐकलंय आणि वर चढून कुणीच बघितलेलं नाही. तुमच्याकडे तीन नाही, एकच साक्षीदार आहे आणि तोही कदाचित कंत्राटदाराचा मेव्हणा.

४ ऑगस्ट पक्षाबद्दलचं बरंचसं इंग्रजी लिखाण असंच आहे. एका पुस्तकातली ओळ दुसऱ्याने घेतली, त्यावरून बातमी, बातमीवरून लेख, आणि मग पुढच्या पुस्तकात त्या लेखाचा हवाला. गोल गोल फिरून सगळं पहिल्या ओळीवर. ओळखायची एक सोपी युक्ती आहे, चुका बघा. परीक्षेत दोघांचं उत्तर बरोबर आलं तर कॉपी सिद्ध होत नाही, पण दोघांनी एकच विचित्र चूक केली की मास्तर ओळखतात. दोन लेखांत एकाच नावाचं तेच चुकीचं स्पेलिंग किंवा तीच चुकलेली तारीख असेल तर त्यांना एकच धरा.

छळ झालेल्यांचंही असंच तपासायचं का? ते बरं दिसतं का?

दिसतं. त्यांच्याच बाजूच्या लोकांनी ते सगळ्यात चांगलं करून दाखवलंय. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि नेदरलँड्सने १९६७ मध्ये ग्रीसविरुद्ध युरोपीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार नेली. आयोगाने नुसती निवेदनं गोळा केली नाहीत, साक्षीदार बोलावले, ग्रीक सरकारच्या वकिलांना उलटतपासणी करू दिली, माणसं अथेन्सला पाठवली. हजारावर पानांचा अहवाल झाला. छळ होत होता हे त्यात ठरलं आणि ते आजतागायत कुणाला धड खोडता आलेलं नाही, का, तर समोरच्याला बोलायची संधी देऊन ठरलं होतं. मात्र तो अहवाल राजवटीने केलेल्या छळाबद्दल आणि हिरावलेल्या हक्कांबद्दल आहे. त्यातून प्लेव्रिसच्या पक्षाचे सभासद किती हे काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कितीही विश्वासार्ह असला तरी.

याच्या उलट उदाहरण पॉलिटेक्निकचं. नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्स पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला आणि १७ तारखेला पहाटे रणगाड्याने गेट पाडलं. किती मेले? सुरुवातीला शेकड्यांच्या अफवा. दुसरीकडे अतिउजवे आजही छाती पुढे काढून म्हणतात की पॉलिटेक्निकच्या आत एकही माणूस मेला नाही. आता यात ‘आत’ हा शब्द किती बेरकी आहे बघा. गोळीबार मुख्यतः बाहेरच्या रस्त्यांवर झाला होता. पुढे लिओनिदास कालिव्रेताकिस या इतिहासकाराने हॉस्पिटल, शवागार, कोर्ट यांच्या नोंदी एकावर एक ठेवून नावानिशी २४ मृत ओळखले. शेकडो नाही, शून्य तर नाहीच. २४, आणि प्रत्येकाला नाव. तिथे विचारधारेचा संबंधच उरत नाही, दप्तर काढा आणि मोजा.

शत्रूने सांगितलेलं

एक शेवटची कसोटी, माझी आवडती. ज्याला खोटं सांगून फायदा झाला असता त्याने तसं सांगितलं नाही तर ते जरा जास्त धरायचं.

मेटाक्सासचंच बघा. २८ ऑक्टोबर १९४० ला पहाटे इटलीचा राजदूत ग्रात्सी अल्टिमेटम घेऊन आला आणि मेटाक्सासने बाणेदारपणे ‘ओही!’ म्हणजे ‘नाही!’ सांगितलं असं ग्रीसमधली पोरं शाळेत शिकतात, त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. ग्रात्सीने स्वतः नंतर लिहिलं की मेटाक्सास फ्रेंचमध्ये म्हणाला, ‘मग हे युद्धच झालं’. शब्द वेगळे, अर्थ तोच, नकारच. पण शत्रूच्या राजदूताने लिहिल्यामुळे तो नकार खरा होता हे जास्त पक्कं झालं, आणि ‘ओही’ हा शब्द मात्र लोकांनी घडवला हेही कळलं. एकाच सोर्सने एक गोष्ट बळकट केली आणि दुसरी ढिली केली. ४ ऑगस्टवाल्यांना यातला नायक तेवढा हवा होता, त्याच माणसाने संसद बंद केली हे त्यांना दोष नव्हे, गुण वाटत होता.

मग त्या सोळा वर्षांच्या पोराचं काय

तीन शक्यता आहेत. पक्ष कागदावर बंद असूनही लहान गट म्हणून चालू होता आणि पोरगा १९७३ मध्ये त्यात गेला. किंवा तो गेला जुलै १९७४ नंतर, राजवट पडल्यावर, तेव्हा वय १६ च होतं. किंवा पक्ष असा नव्हताच, प्लेव्रिसच्या भोवतीची बैठक होती आणि पुढे सगळ्यांनीच तिला पक्षात सामील होणं म्हटलं, स्वतः मिखालोलियाकोसच्या माणसांनीही, कारण म्होरक्या कोवळ्या वयापासून चळवळीत होता हे सांगायला बरं असतं.

पहिली शक्यता खरी निघाली तर तिचं वजन फार आहे, कारण त्याचा अर्थ जुंटा डाव्यांना बेटांवर हद्दपार करत होती आणि यांच्याकडे काणाडोळा करत होती. म्हणूनच ती पुराव्याशिवाय लिहायची नाही. लागेल काय, तर १९६७ ते १९७४ मधला पक्षाच्या पत्राचा तारीख असलेला अंक, किंवा बैठकीचं पत्रक, किंवा तारखेचा शिक्का असलेलं सभासद कार्ड. असं काही हातात नसेल तोवर मी वाक्य एवढंच लिहीन: ‘मिखालोलियाकोस किशोरवयात ४ ऑगस्ट पक्षाच्या संपर्कात आला असं त्याच्याबद्दलच्या बहुतेक लिखाणात म्हटलं आहे.’ वाचायला फिकं आहे, मान्य. त्यात १६ हा आकडा नाही, ‘सामील झाला’ नाही, जुंटाही नाही. पण ते कुणी खोडून दाखवावं.